गेमिंग पीसीसाठी रॅम: ६००० सीएल३० की ७२००? की आणखी काही?

रात्रपाळी
नमस्कार मंडळी. नवीन मशीन जुळवतोय. प्रोसेसर रायझेन ७ ७८००एक्स३डी, बोर्ड बी६५० चिपसेटचा, चार रॅम स्लॉटवाला. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ४०७० सुपर, मॉनिटर १४४०पी. बाकी सगळं ठरलं, गाडी रॅमवर येऊन अडली आहे. समोर चार पर्याय आहेत, सगळे डीडीआर५ पिढीचे (आधी जीबी x स्टिक, मग वेग, मग सीएल म्हणजे मागणी केल्यावर थांबायचे ठोके):

अ) १६ x २, ६०००, सीएल३०
आ) १६ x २, ७२००, सीएल३४
इ) ३२ ची एकच स्टिक, ५६००, सीएल४६. दुसरी पुढेमागे घेईन
ई) ८ x ४, ६०००, सीएल३६. चारही स्लॉट भरलेले भारी दिसतात, हे खरं कारण

मित्र म्हणतो, मोठा आकडा बघ आणि डोळे मिटून घे. मी मुख्यतः ओपन वर्ल्ड आणि शहरं वसवायचे गेम खेळतो, अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

स्क्रूड्रायव्हर
अ. धागा बंद करायला हरकत नाही.

रात्रपाळी
अहो, कारण तरी सांगा!

स्क्रूड्रायव्हर
सांगतो. आधी साधं गणित. सीएलच्या आकड्याला २००० ने गुणायचं आणि रॅमच्या वेगाने भागायचं. जे येईल ते नॅनोसेकंद, म्हणजे मागणी केल्यावर पहिला डेटा हलेपर्यंतचा वेळ. ६००० सीएल३० ला येतात बरोबर १०. ५६०० सीएल४६ ला साधारण १६.४. गंमत म्हणजे जुन्या डीडीआर४ च्या ३२०० सीएल१६ लाही १० च येतात. पिढी बदलली, थांबायचा वेळ तोच. एका वेळी किती माल येतो ते मात्र वाढलं.

या हिशोबाने ७२०० सीएल३४ ला ९.४ येतात, म्हणजे कागदावर तुमचा मित्र जिंकला. पण रॅम एकटी पळत नाही, प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर तिच्यासोबत पळतो. एएम५ वर, म्हणजे तुमच्या प्रोसेसरच्या सॉकेटवर, ६००० ला रॅमचं घड्याळ ३००० मेगाहर्ट्झवर चालतं (एका ठोक्यात डेटा दोनदा हलतो) आणि कंट्रोलरही ३००० वर. एकास एक. बहुतेक रायझेन ७००० इथपर्यंत आरामात जातात, काही ६४०० पर्यंत. त्यापुढे बोर्ड कंट्रोलरला अर्ध्यावर आणतं. ७२०० ला रॅम ३६०० वर आणि कंट्रोलर १८०० वर, अशी वरात निघते. जे कमावलं ते तिथेच गेलं.

मुक्काम पोस्ट बायोस
वरील प्रतिसादाला +१, आणि थोडी भर. ७८००एक्स३डी मध्ये कोअरची चिपलेट, म्हणजे कोअर असलेला चिपचा तुकडा, एकच आहे. तिच्यापासून मेमरी कंट्रोलरपर्यंतच्या दुव्यातून दर घड्याळाला ३२ बाइट वाचता येतात. हा दुवा सहसा २००० मेगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे सेकंदाला ६४ जीबी. ६००० च्या दोन स्टिकची कागदावरची क्षमता ९६ जीबी. म्हणजे नळ आत्ताच पाइपापेक्षा मोठा आहे, ७२०० लावून तो आणखी मोठा करून काय करणार?

ठोकताळा
मला या सगळ्या चर्चेचीच गंमत वाटते. रात्रपाळी, तुमच्याकडे एक्स३डी प्रोसेसर आहे. त्यात ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच झटपट मेमरी, आहे. ती असतेच कशासाठी? रॅमकडे कमी वेळा जावं लागावं म्हणून. त्यात १४४०पी वर अल्ट्रा सेटिंग लावून खेळणार, म्हणजे बहुतेक वेळ ग्राफिक्स कार्डच दमलेलं असणार. सीएल३० आणि सीएल३६ मधला फरक तुम्हाला डोळ्यांनी दिसला तर मला कळवा. जी स्वस्त मिळेल ती ३२ जीबीची जोडी उचला, उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

फ्रेमवेडी
ठोकताळा, अर्धं बरोबर आहे तुमचं. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) बघितलं तर फरक नगण्य, मान्य. पण मी सरासरी बघायचं सोडून दिलंय. गर्दीच्या चौकात शिरताना किंवा घोड्यावरून गावाच्या वेशीत घुसताना गेम जो एक क्षण अडखळतो, तो सरासरीत दिसतच नाही. तो दिसतो १ टक्का लो मध्ये (सर्वांत मंद एक टक्का फ्रेमांचा वेग) आणि फ्रेमटाइमच्या, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेच्या, आलेखात. एकसारखी सरळ रेघ चाललेली असते आणि मध्येच एक सुळका वर येतो. रॅम मंद असेल किंवा कमी असेल तर हे सुळके वाढतात.

शहर वसवायच्या गेमांत तर आणखीच. सुरुवातीला काही जाणवत नाही. लोकसंख्या वाढली की प्रत्येक माणसाचा, प्रत्येक गाडीचा हिशोब प्रोसेसरच्या बोकांडी बसतो, आणि तो सगळा पसारा ९६ एमबीत मावत नाही. तिथे एक्स३डी लाही रॅमकडे जावंच लागतं.

ठोकताळा
मोठ्या शहरांबाबत सहमत. बाकी ठिकाणी माझं मत तेच. आणि एक्स३डी नसता तर मीही सीएल३० च म्हणालो असतो, हेही नोंदवून ठेवतो, नाहीतर कोणीतरी धाग्याची लिंक टाकून वेगळाच प्रोसेसर घेऊन भांडायला येईल.

फ्रेमवेडी
ते येणारच आहे 😀

मुळात मला कोणी क्षमतेबद्दल बोलत नाहीये याचं नवल वाटतं. १६ जीबीवर आज गेम सुरू होतात, पण ब्राउझर, व्हॉइस चॅट आणि मागे एखादा लाँचर उघडा असला की काठोकाठ भरतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर 'कमिटेड' असा आकडा असतो, तो बघावा. तो प्रत्यक्ष रॅमच्या बराच वर गेला असेल तर विंडोज एसएसडीवरच्या पेजफाइलचा (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आधार घेतंय असं समजा. रॅम नॅनोसेकंदांत उत्तर देते, एसएसडी मायक्रोसेकंदांत, म्हणजे हजारपटींची भाषा. सीएल३० घेऊन क्षमता कमी ठेवली तर काहीच उपयोग नाही. मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२४ च्या शिफारशीतच ३२ जीबी आहे आणि 'आदर्श' रकान्यात ६४. बाकी गेम अजून इतके हावरट नाहीत. माझ्या मते खेळण्यासाठी ३२ पुरेत. एडिटिंग 'अधूनमधून' म्हणता ते खरंच अधूनमधून असेल तर ६४ च्या नादी लागू नका.

वाचनमात्र
एरवी फक्त वाचतो, आज विचारायचं धाडस करतो. माझ्याकडे रायझेन ५ ५६०० आहे आणि ८ जीबीची एकच डीडीआर४ स्टिक, ३२००. रॅम वाढवायचीच आहे तर डीडीआर५ घेऊन ठेवू का, म्हणजे पुढे नवीन बोर्डावर चालेल?

स्क्रूड्रायव्हर
सध्याच्या बोर्डात ती बसणारच नाही. दोन्हींना पिना २८८ च, पण खाच वेगळ्या जागी. जोर लावू नका, स्लॉट तुटेल. तुमचा प्रोसेसर एएम४ चा, त्याला फक्त डीडीआर४ चालते. एएम५ ला फक्त डीडीआर५. इंटेलच्या १२, १३, १४ व्या पिढीत दोन्ही चालतात, पण ते बोर्डावर ठरतं, एका बोर्डावर एकच प्रकार. त्यापुढच्या कोअर अल्ट्रा २०० एस ला पुन्हा फक्त डीडीआर५.

मुक्काम पोस्ट बायोस
आणि घेऊन ठेवून काही साधत नाही. तुमचा खरा तोटा दुसरीकडे आहे: एकच स्टिक. एका स्टिकचा मार्ग ६४ बिटांचा, दोन्ही चॅनेल भरले की १२८. ३२०० ला सेकंदाला २५.६ जीबी आणि ५१.२ जीबी असा सरळ दुप्पट हिशोब. ८ ची आणखी एक लावली तरी मशीन बदलल्यासारखं वाटेल. जमलं तर १६ x २ ची नवी जोडीच घ्या, ३२०० सीएल१६ किंवा ३६०० सीएल१८. दोन्हींना १० नॅनोसेकंदच येतात. ३६०० च्या वर जाऊ नका, रायझेन ५००० चा अंतर्गत दुवा १८०० च्या आसपासच एकास एक चालतो.

रात्रपाळी, हेच तुमच्या 'इ' पर्यायालाही लागू. एकच स्टिक आता आणि दुसरी नंतर, हे करू नका. 'डीडीआर५ च्या एका स्टिकमध्ये दोन चॅनेल असतातच' असं कोणी सांगेल. असतात, पण ते ३२ बिटांचे दोन उपचॅनेल. बेरीज ६४ च. शिवाय पुढेमागे घेतलेली दुसरी स्टिक त्याच नावाची, त्याच लेबलची असली तरी आतल्या चिपा वेगळ्या कंपनीच्या निघू शकतात. लेबलवर चारच टायमिंग (सीएलसारखे थांबायचे आकडे) छापतात, ३०-३६-३६-७६ वगैरे. आत आणखी कितीतरी असतात. जोडी म्हणून विकलेल्या स्टिक एकत्र तपासलेल्या असतात, पैसे त्याचेच.

रात्रपाळी
मग 'ई' मध्ये तर चारही एकत्र तपासलेल्या मिळतील की.

मुक्काम पोस्ट बायोस
मिळतील, पण तुमच्या प्रोसेसरला ते झेपलं पाहिजे. एएमडीचे अधिकृत आकडे बघा: रायझेन ७००० ला दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. छत्तीसशे! डीडीआर५ मध्ये! चार स्टिक ६००० ला चालवणारे लोक आहेत, पण ते नशीब आणि सवड दोन्ही बाळगून आहेत. आणि ८ जीबीच्या डीडीआर५ स्टिकवर सहसा फक्त चार चिपा असतात, रुंद वाटेच्या. त्यांत बँकांचे (डेटा ठेवायच्या कप्प्यांचे) गट निम्मे असतात, म्हणून त्याच वेगाला त्या १६ च्या स्टिकपेक्षा मागे पडतात. जे १६ जीबीचं बजेट घेऊन ८ x २ डीडीआर५ घेतात त्यांनाही हेच सांगणं.

दिसण्यासाठीच हवं असेल तर रिकाम्या स्लॉटात बसवायच्या नुसत्या दिव्यांच्या खोट्या स्टिक मिळतात. हसू नका, खरंच मिळतात.

ठोकताळा
खिक्. दिव्यांचा विषय निघालाच आहे तर: हवेचा मोठा कूलर घेताय का? त्याचा पुढचा पंखा पहिल्या दोन स्लॉटांवर येतो आणि दिवेवाल्या उंच स्टिक त्याला अडतात. मग पंखा वर सरकवा, मग केसचं झाकण लागत नाही. कूलरच्या माहितीत रॅमसाठी किती मिलिमीटर जागा आहे ते लिहिलेलं असतं. आधी ते वाचा.

फ्रेमवेडी
रात्रपाळी, घ्यायचं तर एकदाच ३२ घ्या, या सल्ल्याला सध्या आणखी एक कारण आहे. २०२५ च्या उत्तरार्धात मेमरीचे भाव भडकले. एआयच्या सर्व्हरसाठी लागणाऱ्या मेमरीकडे कारखाने वळले आणि आपल्यासाठीचा माल आटला. डिसेंबर २०२५ मध्ये तर मायक्रॉनने क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. 'नंतर स्वस्त झाली की वाढवू' या हिशोबावर मशीन बेतू नका.

ठोकताळा
म्हणूनच म्हणतो, सीएल३० साठी हट्ट नको. फरकाची रक्कम मोठी असेल तर ६००० सीएल३६ घ्या. १२ नॅनोसेकंद. जग बुडत नाही.

स्क्रूड्रायव्हर
यावर मात्र सहमत. ६००० सीएल४० पर्यंत उतरू नका इतकंच. सीएल३० च्या जोड्यांवर साधारणपणे हायनिक्स कंपनीच्या चिपा असतात आणि पुढे हाताने टायमिंग आवळायची हौस असेल तर त्या बऱ्या. हौस नसेल तर सोडा.

रात्रपाळी
शेवटी 'अ' घेतली. बोर्डाच्या सुसंगत रॅमच्या यादीत तोच पार्ट नंबर होता. सगळं जोडलं, बटण दाबलं आणि... काळा स्क्रीन. पंखे फिरताहेत, बोर्डवरचा 'डीरॅम'चा पिवळा दिवा पेटलेला. काही जळलं का??

मुक्काम पोस्ट बायोस
हात लावू नका, बसा. हे मेमरी ट्रेनिंग. पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड रॅमशी सिग्नलचं जुळवून घेतं, एएम५ वर त्याला काही मिनिटं लागतात. घाबरून मध्येच बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून.

पंधरा मिनिटांनीही दिवा गेला नाही तर स्टिक काढून पुन्हा बसवा. प्रोसेसरपासून मोजत दुसरा आणि चौथा स्लॉट, ए२ आणि बी२. पहिल्या-तिसऱ्यात लावल्या तर रेषांचं उरलेलं टोक लोंबकळत राहतं, तिथून सिग्नल परतून येतो आणि मोठ्या वेगाला घोळ होतो. खिटी नीट अडकली पाहिजे, एकाच बाजूला खिटी असलेल्या स्लॉटात दुसरं टोक वर राहिलेलं पटकन कळत नाही.

रात्रपाळी
आला! विंडोज टाकून झालं. पण सीपीयू-झेड हे मशीनची माहिती दाखवणारं अ‍ॅप मेमरीचा वेग २४०० दाखवतंय. लेबलवर स्पष्ट ६००० लिहिलंय. फसवलं का मला?

स्क्रूड्रायव्हर
फसवलं नाही. सीपीयू-झेड खरं घड्याळ दाखवतं आणि डीडीआर घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा हलवते. म्हणून २४०० म्हणजे ४८००. तो तुमच्या स्टिकचा न सांगता चालणारा वेग. ६००० हवे असतील तर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) एक्स्पो, म्हणजे लेबलवरचा वेग लावणारं तयार सेटिंग, चालू करा. इंटेलवाल्यांकडे यालाच एक्सएमपी म्हणतात. नंतर सीपीयू-झेड ३००० दाखवेल आणि शेजारीच कंट्रोलरचा आकडाही ३००० दिसला पाहिजे. तो १५०० दिसला तर एकास एक मोडलंय.

(कितीतरी लोक महागडी रॅम लावून वर्षानुवर्षं ४८०० वर खेळतात. तयार मशीन विकणारेही बऱ्याचदा एक्स्पो चालू न करताच डबा बंद करून देतात. विकत घेतलेलं मशीन असेल त्यांनी आजच बघा.)

मुक्काम पोस्ट बायोस
एक्स्पो चालू करण्याआधी बायोस अपडेट करा. सवय म्हणून सांगत नाही, कारण आहे. २०२३ मध्ये एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला (मेमरी कंट्रोलर यातच असतो) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज देत होते आणि त्यात काही ७८००एक्स३डी जळाले. नंतर एएमडीने बायोसमधूनच १.३ व्होल्टची मर्यादा घातली. बोर्ड खोक्यात किती दिवस पडून होता काय माहीत. बाकी स्टिकचे स्वतःचे १.३५ व्होल्ट वेगळे, त्यांचा याच्याशी संबंध नाही, गल्लत करू नका.

मग रात्री मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी लावून झोपा.

ठोकताळा
डीडीआर५ मध्ये एरर सुधारायची सोय आतच असते ना? मग हा उपद्व्याप कशाला?

मुक्काम पोस्ट बायोस
ती चिपच्या पोटातल्या चुकांपुरती. चिपमधून निघून प्रोसेसरपर्यंत जाताना डेटा बिघडला तर तिला पत्ताही लागत नाही, आणि एक्स्पोमुळे होणारे घोळ बहुधा याच प्रवासातले असतात. सर्व्हरच्या ईसीसी रॅमशी (ती वाटेतल्या चुकाही पकडते) याची तुलना होत नाही.

रात्रपाळी
अपडेट करायच्या आधीच एक्स्पो लावून चाचणी सुरू केली होती, उत्साहात. सकाळी बघतो तर एक एरर. एकच. गेम मात्र व्यवस्थित चालताहेत. सोडून देऊ का?

मुक्काम पोस्ट बायोस
नाही. आज गेम चालतोय, उद्या सेव्ह फाइल खराब होईल किंवा अपडेट उतरवताना काहीतरी भलतंच डिस्कवर लिहिलं जाईल, आणि दोष ग्राफिक्स ड्रायव्हरला जाईल.

आता बायोस अपडेट करा आणि एक्स्पो बंद ठेवून चाचणी लावा. तरीही एरर आली तर एकेक स्टिक ए२ मध्ये लावून तपासा, जी खराब ती सापडेल. वॉरंटीत परत करताना मात्र दोन्ही पाठवा, जोडी आहे ती. एक्स्पो बंद असताना साफ आणि चालू केल्यावरच एरर, असं असेल तर स्टिक चांगली असण्याची शक्यता बरीच. मग ५८०० वर उतरून बघा. आणि एचडब्ल्यूइन्फो या अ‍ॅपमध्ये स्टिकचं तापमान दिसतं तेही बघा, कार्डाची गरम हवा थेट रॅमवर येत असेल तर चाचणीत पास आणि गेममध्ये नापास असाही प्रकार होतो.

वाचनमात्र
मी १६ x २, ३२०० मागवली. जुनी ८ ची पण सोबत लावून ४० करू का?

स्क्रूड्रायव्हर
नको. ती कपाटात ठेवा, कधी स्क्रीन आला नाही तर तपासायला उपयोगी पडते.

फ्रेमवेडी
अवांतर: वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता ५६००जी किंवा ८७००जी वर खेळणारे कोणी हा धागा वाचत असतील तर ठोकताळांचं 'फरक दिसत नाही' त्यांनी मनावर घेऊ नये. तिथे ग्राफिक्सची मेमरीही हीच रॅम असते. दोन स्टिक आणि वेग, दोन्हींचा थेट परिणाम एफपीएसवर दिसतो. शिवाय काही जीबी ग्राफिक्ससाठी राखून जातात, ते क्षमतेतून वजा धरा.

ठोकताळा
हे बरोबर. तिथे मीही मुकाट्याने वेगवान रॅम घेईन.

रात्रपाळी
ताजी खबर. नवीन बायोस, एक्स्पो बंद: साफ. नवीन बायोस, एक्स्पो चालू: रात्रभर लावून साफ. कंट्रोलर ३००० दाखवतोय. ठोकताळा, तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो, ४८०० आणि ६००० दोन्हींवर खेळून बघितलं. नेहमीच्या गेमांत १४४०पी वर मला काही कळलं नाही. जुनं मोठं शहर उघडलं तेव्हा मात्र वेळ तिप्पट वेगाने पळवताना जो तुटकपणा यायचा तो कमी झालाय.

आता एकच तक्रार. प्रत्येक वेळी सुरू करताना अर्धा मिनिट काळा स्क्रीन. बायोसमध्ये 'मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर' नावाचा पर्याय दिसतोय, तो चालू करू का?

मुक्काम पोस्ट बायोस
करा. जुळवणी एकदा झाली की ती जपून ठेवतो आणि पुढच्या वेळी ट्रेनिंग टाळतो. सोबत 'पॉवर डाउन एनेबल' हाही चालू ठेवा, काही बोर्डांवर त्याच्याशिवाय निळे स्क्रीन येतात. दोन्ही लावल्यावर पुन्हा एक रात्र मेमटेस्ट. त्यानंतर कधी विनाकारण रीस्टार्ट झालं तर पहिला संशय याच्यावर घ्या आणि बंद करून बघा.